परसातला प्लम

१. थंडी झाडालाही हवी असते, हे रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला सहजासहजी पटत नाही. इंग्लंडात येऊन दारी प्लम लावला तेव्हा कळलं, सात अंशांखालचे शेकडो तास मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या धड उमलतच नाहीत. कोकणात तो का धरत नाही, तेही उमगलं. जानेवारीच्या नावाने बोटं मोडणं मी तेव्हापासून जरा कमी केलंय.

२. तीच थंडी एप्रिलात वैरीण होते. पानांआधी पांढरा फुलोरा येतो आणि एका रात्रीच्या हिमाने संपतो. गंमत म्हणजे सकाळी फुलं तश्शीच दिसतात. पाकळ्या बाजूला केल्या की मधला स्त्रीकेसर काळा ठिक्कर! म्हणून मी रात्री झाडावर जुनी सुती पातळं टाकते आणि सकाळी मधमाश्यांसाठी काढते. शेजाऱ्यांनी यावर अजून चकार शब्द काढलेला नाही. इंग्रज माणूस!

३. फळं तोडून फेकायला काळीज घट्ट लागतं. आमच्याकडे मोहोर गळला की घरावर सुतकी कळा यायची. इथे जूनमध्ये झाड स्वतःच थोडी फळं टाकतं, तरी व्हिक्टोरिया जात इतकी लगडते की फांदी मोडते. मग अंगठ्याएवढी हिरवी फळं देठाशी पिरगळून काढायची, दोघांत दोन-तीन इंच जागा सोडायची. ‘पुरे आता’ असं दरवर्षी मीच मला बजावते आणि शेवटच्या फांदीशी हात आखडतोच. ती फांदी मग काठीचा टेकू घेऊन उभी.

४. छाटणी भर उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी. हिवाळ्यात कापलं तर जखमेतून सिल्व्हर लीफची बुरशी शिरते, पानं चंदेरी दिसू लागतात, फांद्या वाळतात. दिसायला सुंदर रोग आहे मेला.

५. पिकल्याची बातमी गांधीलमाश्यांना आधी लागते. ऑगस्टअखेर सगळं एकदमच पिकतं. गणपतीच्या पाच फळांत प्लम मानाने बसतो, उरलेल्यांचा मुरांबा होतो. आंबट सालं मी आमटीत घालते. आमसुलाची सर नाही, पण भागतं.

लावणार असाल, तर छोट्या परसासाठी पिक्सी खुंटावरचं कलम मागा. दहा-बारा फुटांवर थांबतं, पातळं टाकायला बरं पडतं.