शरीरातील राखणदार आणि मुकादम

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतू शरीरात शिरले की त्या त्यांना मारतात. म्हणजे त्या आपल्या राखणदारच. पण राखणदाराने चोर सोडून घरच्याच बैलाला काठी हाणली तर?

काही मुलांच्या शरीरात असेच होते. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिनमुळे साखर रक्तातून अंगात जिरते व ताकद येते. राखणदार पेशी याच पेशी मारू लागल्या की इन्सुलिन संपते आणि मधुमेह होतो. याला टाइप १ मधुमेह म्हणतात.

माझ्या मामेबहिणीला हा आजार सातव्या वर्षी झाला. तिला सारखी तहान लागायची, लघवीला फार व्हायचे, जेवूनही ती वाळत चालली होती. आजी म्हणाली, गोड खाऊन झाले. डॉक्टर म्हणाले, तसे मुळीच नाही.

तिला रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. तोंडाने घेतले तर ते पोटात पचून जाते. १९२२ साली कॅनडात टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. त्याआधी अशी मुले फार दिवस जगत नसत.

राखणदारांना आवरणारा मुकादमही शरीरात असतो. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली अशा आवरणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना आजारी उंदरांत एक बिघडलेले जनुक सापडले. त्याचे नाव फॉक्सपी३. हे जनुक बिघडले तर मुकादम पेशी नीट होत नाहीत. अशा बाळांना पुष्कळदा तान्हेपणीच मधुमेह होतो. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींचा औषधासारखा उपयोग करता येईल का, याचे प्रयोग चालू आहेत.

तोवर सुई चुकवून चालत नाही. एक पाहुणे मामांना म्हणाले, सुई बंद करा, झाडपाला द्या. मामांनी ऐकले नाही, म्हणून माझी बहीण आज लंगडी खेळते.

हा रोग शिवल्याने होत नाही. अशा मुलाजवळ खुशाल बसा. खेळताना त्याचे हातपाय थरथरले, घाम सुटला, तर लगेच साखर खायला द्या व मोठ्यांना हाक मारा. आणि पालकांनो, मूल सारखे पाणी पिऊ लागले व वाळू लागले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

– इयत्ता ४ थी