चांदण्यांतील शास्त्रचर्चा

गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्यानें मजजवळ तक्रार केली कीं, आमच्या विज्ञानमंडळाच्या सभेंत फळ्यावर विषय लिहिलेला असतो 'लोहचुंबक', आणि अर्ध्या तासांत बोलणें मधमाश्यांवर येऊन ठेपतें. अशा मंडळाचा उपयोग तो काय? त्या वेळीं घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें येथें देतों.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या आसपास राहणारे दहाबारा मित्र दरमहा एकत्र जमत. पौर्णिमेच्या जवळचा रविवार हा त्यांचा दिवस. ह्यांत मुहूर्ताचा कांहीं संबंध नव्हता. रस्त्यांवर दिवे नसत, आणि दुपारीं जेवावयास बसलेली मंडळी रात्रीं घरीं परतावयाची. तेव्हां वाटेवर चांदणें असावें, इतकेंच. ह्यावरून मंडळास 'ल्यूनर सोसायटी', म्हणजे चांद्रमंडळ, हें नांव पडलें. पुढें १७८० सालीं जोसेफ प्रीस्टली बर्मिंगहॅमला राहावयास आला. तो धर्मोपदेशक, रविवारीं त्यास सवड कोठची? म्हणून सर्वांनीं आपला वार बदलून सोमवार केला.

मंडळाला लेखी नियम नव्हते आणि सभांची टिपणेंहि कोणी ठेवीत नसे. आपणांस जें कळतें तें बहुतेक सभासदांच्या पत्रांवरून. मॅथ्यू बोल्टन हा कारखानदार, जेम्स वॉट वाफेच्या यंत्राचा सुधारक, जोसाय वेजवुड कुंभार, जॉन व्हाइटहर्स्ट घड्याळजी, इरॅस्मस डार्विन व विल्यम विदरिंग हे वैद्य. प्रत्येकजण ज्या गोष्टीपाशीं अडला असेल ती घेऊन येई, आणि तिचें उत्तर पुष्कळदां दुसऱ्याच धंद्याच्या माणसाजवळ निघे. विषय भरकटत तो ह्यामुळें, आळसामुळें नव्हे.

वेजवुडला आपली भांडीं फुटूं न देतां वाहून न्यावयाचीं होतीं, म्हणून त्याला कालवा हवा होता. १७६६ सालीं खोदाई सुरू झाली, आणि डोंगराच्या पोटांतून दगड झालेलीं हाडें व शिंपले निघूं लागले. झालें! बोलणें पृथ्वीच्या जन्माकडे वळलें. सर्व जीव शिंपल्यांपासून झाले, अशा अर्थाचें लॅटिन वाक्य डार्विननें आपल्या गाडीवर रंगविलें. एका धर्माधिकाऱ्यानें त्याची टर उडविली, तेव्हां बिचाऱ्यास तें पुसून टाकावें लागलें. व्हाइटहर्स्टनें मात्र १७७८ सालीं पृथ्वीच्या रचनेवर ग्रंथच लिहिला.

भट्टीची उष्णता मोजणें ही वेजवुडची दुसरी अडचण. पाऱ्याचा मापक तेथें चालत नाहीं; पारा सुमारें ३५७ अंशांवरच उकळूं लागतो. माती भाजली कीं आकुंचन पावते, हें प्रत्येक कुंभारास ठाऊक असतें. वेजवुडनें एकसारख्या मापाचे मातीचे तुकडे भट्टींत घातले, आणि मग ते निमुळत्या होत जाणाऱ्या खांचेंत किती आंत सरकतात तें पाहून उष्णतेचे अंश ठरविले. त्याचे आंकडे पुढें फारच चढे ठरले. पण घरच्या अनुभवास मापनाचें साधन करण्याची ती युक्ति मला अजूनहि मोठी गोड वाटते. हाच वेजवुड प्रीस्टलीला प्रयोगासाठीं मातीचीं पात्रें पुरवीत असे.

ह्या मंडळींत सर्व कांहीं गोडीगुलाबीनेंच चाले, असें मात्र समजूं नका. फॉक्सग्लव्ह नांवाच्या वनस्पतीचा जलोदरावर उपयोग विदरिंगनें अनेक वर्षे पारखला होता. डार्विननें १७८० सालीं त्याचें नांव न घेतां त्या औषधाचे अनुभव छापले. विदरिंगचें पुस्तक १७८५ सालीं निघालें. त्यांत त्यानें आपलीं अपयशेंहि लिहून ठेविलीं. दोघांचा स्नेह पुन्हा पहिल्यासारखा झाला नाहीं. ज्या मेजावर वेजवुड बसे, त्याच्या कारखान्यांतून १७८७ सालीं गुलामगिरीविरुद्ध पदक निघालें, त्याच मेजावर सॅम्युअल गाल्टन हा बंदुकांचा कारखानदारहि बसे, आणि त्याच्या बंदुका आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारांत जात. हा विषय तेथें कितपत निघे, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

प्रीस्टलीचें तर शास्त्रांतहि एकाकी मत. प्राणवायु त्यानें १७७४ सालीं वेगळा केला, पण त्याचा खरा अर्थ फ्रान्सच्या लव्हाझ्येनें लावला. डार्विनसारख्या मित्रानेंहि नवें मत पत्करलें. प्रीस्टली जुन्यालाच शेवटपर्यंत चिकटून राहिला. तरी त्याची जागा मेजावर कायम होती.

संकट आलें तें बाहेरून. १४ जुलै १७९१ रोजीं, फ्रेंच राज्यक्रांतीच्या स्मरणार्थ दिलेल्या एका मेजवानीचें निमित्त होऊन शहरांत दंगल उसळली. प्रीस्टली मेजवानीस गेलाहि नव्हता. तरी जमावानें त्याचें घर, ग्रंथ, हस्तलिखितें व प्रयोगशाळा ह्यांचा नाश केला. तो लंडनला निघून गेला व १७९४ सालीं अमेरिकेस. जाण्यापूर्वीं, १७९३ सालीं, त्यानें हवा व पाणी ह्यांवरील आपलें प्रयोगांचें पुस्तक ह्या मित्रमंडळास अर्पण केलें, आणि त्यांच्या सहवासास मुकल्याचें दुःख त्यांत लिहिलें.

त्यानंतर सभा विरळ होत गेल्या. १८१३ सालीं मंडळाचीं उरलेलीं पुस्तकें कोणीं न्यावीं ह्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्या, आणि तीं गाल्टनकडे गेलीं.