गतकाळ सांगणारे इंग्रजी शब्दप्रयोग

स्मरणिका हाती आली की वाचणारा आणि लिहिणारा दोघेही भूतकाळात बोलू लागतात. 'आम्ही पहाटे उठत असू, वंदना झाली की अभ्यासाला बसत असू,' अशी वाक्ये मराठीत सहज उमटतात. परंतु याच आठवणी इंग्रजीत सांगण्याचा प्रसंग आला की आपले माजी विद्यार्थी अडखळतात. नोकरीची मुलाखत असो, उच्च शिक्षणाचा अर्ज असो किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांना घरचा इतिहास सांगणे असो, अडचण एकच असते. यासाठी भाषा शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी हा छोटा पाठ मांडला आहे. शब्द थोडे आहेत, पण त्यांच्या निवडीवर आपण काय खरे ठरवतो हे अवलंबून असते.

पहिला प्रयोग 'यूज्ड टू' हा होय. आपल्या व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात, त्याच्या हा जवळचा. 'आजी येथे बोंबील वाळवीत असे' याचे इंग्रजी 'माय ग्रँडमदर यूज्ड टू ड्राय बोंबील हिअर' असे होते. खारदांड्याच्या किनाऱ्यावरील हे वाक्य कोणत्याही घरात शोभेल. पुष्कळ विद्यार्थी येथे 'वॉज ड्राइंग' असे लिहितात. तो प्रयोग एका विशिष्ट क्षणी चालू असलेल्या क्रियेचा आहे, नित्याच्या सवयीचा नव्हे. 'भरती आली तेव्हा आजी बोंबील वाळवीत होती' या वाक्यात मात्र 'वॉज ड्राइंग' हेच योग्य.

नकारात आणि प्रश्नात 'डिड' येतो, म्हणून 'यूज्ड' मधील शेवटचा ध्वनी लिहिताना गळतो : 'शी डिड नॉट यूज टू सेल फिश'. 'आय ॲम यूज्ड टू' हा प्रयोग मात्र निराळा. त्याचा अर्थ 'मला सवय आहे' असा वर्तमानकाळी होतो. या दोहोंची गल्लत झाली तर वाक्याचा काळच बदलतो.

दुसरा प्रयोग 'वुड'. हाही वारंवार घडणाऱ्या क्रियेसाठी येतो, पण आधी काळ निश्चित करावा लागतो. 'इन दोज डेज', म्हणजे 'त्या दिवसांत', असे एकदा म्हटले की पुढे 'द बोट्स वुड रिटर्न अ‍ॅट डॉन' असे सांगता येते. क्रियेऐवजी स्थिती सांगावयाची असेल तर 'वुड' चालत नाही. 'येथे पूर्वी विहीर होती' यासाठी 'देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर' हेच म्हणावे. अनुभवी लेखक पहिले वाक्य 'यूज्ड टू'ने उघडतात आणि पुढील दोन-तीन वाक्ये 'वुड'ने चालवितात. त्यामुळे आठवण एकसुरी होत नाही.

तिसरा गट नेमका काळ दाखविणाऱ्या शब्दांचा. साल सांगताना 'इन' : खार रेल्वे स्थानक 'इन १९२४' सुरू झाले. आजपासून मागे मोजताना 'अगो' : 'अ हंड्रेड इयर्स अगो'. आरंभबिंदू सांगून क्रिया आजवर चालू असल्याचे दाखविताना 'सिन्स', आणि कालावधी सांगताना 'फॉर'. मराठीत आपण 'मी १९९८ पासून येथे राहतो' असे वर्तमानकाळात म्हणतो. त्यामुळे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स' असे चुकीचे वाक्य तयार होते. योग्य रूप 'आय हॅव लिव्ड हिअर सिन्स' हे आहे.

या 'हॅव'कडे विशेष लक्ष द्यावे. 'द कोळीज लिव्ड हिअर फॉर सेंच्युरीज' आणि 'द कोळीज हॅव लिव्ड हिअर फॉर सेंच्युरीज' ही वाक्ये दिसायला सारखीच आहेत. पहिले वाक्य ऐकणाऱ्याला वाटते की कोळी येथे राहत होते आणि आता ती गोष्ट संपली. दुसरे वाक्य सांगते की ते आजही येथेच आहेत. दांड्याचा कोळीवाडा डोळ्यांसमोर असताना पहिले वाक्य लिहिणे म्हणजे जिवंत वस्तीला इतिहासजमा करणे होय. एका लहान शब्दाने माणसे आपल्याच गावातून वगळली जाऊ शकतात.

हीच कसोटी आपल्या समाजाच्या इतिहासाला लावावी. 'अनटचेबिलिटी वॉज अबॉलिश्ड बाय द कॉन्स्टिट्यूशन' हे वाक्य बरोबर आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु 'पीपल यूज्ड टू प्रॅक्टिस अनटचेबिलिटी' असे लिहिले की 'आता तसे कोणी करीत नाही' ही सूचना त्यात आपोआप येते. कायद्याने जे संपविले ते व्यवहारातूनही संपले आहे, असे म्हणण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबली पाहिजे. जेथे ते खरोखर संपले असेल तेथे 'नो लॉन्गर' अवश्य लिहावे. जेथे चालू असेल तेथे 'स्टिल' लिहिण्याचे धैर्य हवे.

या बाबतीत बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे इंग्रजी आत्मकथन आदर्श ठरते. बालपणीचा गोरेगावचा प्रवास १९०१ सालचा, चाळीसगावचा टांग्याचा प्रसंग १९२९ चा, दौलताबाद किल्ल्यावरील पाण्याचा प्रसंग १९३४ चा. अपमान कोठे, केव्हा व कसा झाला हे ते स्पष्टपणे नोंदवितात. 'त्या काळी असे होत असे' एवढ्यावर भागवीत नाहीत. सवय सांगणारे वाक्य वातावरण उभे करते; साल आणि ठिकाण सांगणारे वाक्य साक्ष देते. आठवणींना दोहोंची गरज असते.

आपल्या परंपरेतही हा भेद आढळतो. पाली सुत्तांच्या प्रारंभी येणाऱ्या 'एकं समयं' या शब्दांचे इंग्रजी अनुवादात 'अ‍ॅट वन टाइम' किंवा 'ऑन वन ऑकेजन' असे रूप होते आणि पाठोपाठ ठिकाणाचे नाव येते. ऐकलेल्या घटनेची ती साक्ष आहे. जातककथांतील 'अतीते' या शब्दासाठी मात्र जुन्या अनुवादकांनी 'वन्स अपॉन अ टाइम' योजले, कारण तेथे कथा सुरू होते. आपल्या आजीने सोसलेले सांगताना 'वन्स अपॉन अ टाइम' कधीही लिहू नये. ती परीकथा नव्हे.

अखेरीस एक स्वाध्याय. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या दहा आठवणी मराठीत उतरवून घ्याव्यात. मग पाल्यासह त्यांचे इंग्रजी करावे. प्रत्येक वाक्यापाशी तीन प्रश्न विचारावेत : हे एकदाच घडले की वारंवार? केव्हा आणि कोठे घडले? आणि हे संपले आहे, की अद्याप चालू आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते घरातच मिळेल, आणि त्या उत्तरावरूनच 'यूज्ड टू' लिहावयाचे की 'स्टिल', हे ठरेल.