गोठ्याची धुलाई : प्रेशर वॉशरचे नोझल व औषध ओढणारी जोडणी

गोठा, कुक्कुटशाळा व ट्रॅक्टर धुण्यासाठी प्रेशर वॉशर आता खेडोपाडीही वापरात आला आहे. यंत्र घेताना अश्वशक्ती पाहिली जाते. परंतु धुलाईचा दर्जा पुष्कळसा नळीच्या टोकावरील चिमुकल्या नोझलवर अवलंबून असतो.

पंप दर मिनिटास ठरावीक पाणी पुढे ढकलतो. ते किती अरुंद छिद्रातून बाहेर पडते, यावरून दाब ठरतो. रेतीमिश्रित पाण्याने छिद्र झिजते. त्याचा व्यास एक-दशांशाने वाढला, तरी दाब सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. म्हणून पंप दुरुस्तीस नेण्यापूर्वी नोझल बदलून पाहावे. दोहोंच्या खर्चात मोठेच अंतर आहे.

बहुतेक यंत्रांत नोझलच्या रंगावरून फवाऱ्याचा कोन ओळखता येतो : लाल ० अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४०, काळे नोझल साबण वा औषधासाठी असते. गोठ्यात लाल नोझलचे काम नाही. त्याची धार गिलावा उखडते आणि कातडीही भेदते. अशी जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी पाणी आत खोलवर गेलेले असते. जखमीस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. जनावरांच्या अंगावर कोणतीच धार मारू नये.

औषध ओढणारी जोडणी पंपाच्या पुढे असते. तिच्यातील अरुंद गळ्यातून पाणी वेगाने गेले की तेथील दाब उतरतो आणि डब्यातील द्रावण बारीक नळीने आत खेचले जाते. पुढे लहान छिद्राचे नोझल असेल, तर दाब मागे साचतो व ओढ थांबते. त्यामुळेच काळ्या नोझलचे छिद्र मोठे ठेवलेले असते. "औषध येत नाही" या तक्रारीचे कारण बहुधा हेच. क्वचित बारीक नळीत हवा शिरत असते किंवा तिची जाळी तुंबलेली असते.

औषधाचे प्रमाण मात्र अंदाजाने धरू नये. काळे नोझल लावून एक मिनिट पाणी बादलीत घ्यावे व डब्यातून किती द्रावण गेले ते मोजावे. बादलीत ८ लिटर भरले आणि डब्यातील ४०० मिलिलिटर गेले, तर द्रावण २० पट पातळ होते. भिंतीवर १ टक्का औषध हवे असल्यास डब्यात २० टक्के ठेवावे लागेल.

लाळ-खुरकूत रोगात ४ टक्के धुण्याच्या सोड्याचे द्रावण वापरतात. वरील हिशेबाने डब्यात ८० टक्के सोडा लागेल, आणि इतका सोडा पाण्यात विरघळतच नाही. तेव्हा हे द्रावण पिंपात तयार करून झारीने किंवा पाठीवरील पंपाने शिंपडणे हाच उपाय. वॉशरमधून सोडा मारला म्हणून निर्धास्त राहणाऱ्याच्या गोठ्यात रोगाचे विषाणू तसेच राहतील.

शेण व चिकटा शिल्लक असताना औषध बहुतांशी वाया जाते. आधी पांढऱ्या किंवा हिरव्या नोझलने गोठा स्वच्छ धुवावा, पाणी निथळू द्यावे, मगच औषध मारावे व वेष्टनावर सांगितलेला वेळ ते ओले राहू द्यावे. डब्यात ब्लीचिंग पावडर व आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. काम संपल्यावर बारीक नळी स्वच्छ पाण्यात बुडवून यंत्र थोडा वेळ चालवावे, नाहीतर जोडणीतील गोळी व स्प्रिंग गंजून अडकतात.