काठीच्या होळीला कोणता कॅमेरा न्यावा?

आमच्या हॉस्टेलात जेवणानंतर निघणाऱ्या विषयांचा सध्याचा क्रम असा आहे: क्रिकेट, कॅम्पस आणि कॅमेरा. ज्याच्या त्याच्या डोक्यात व्लॉग! तोरणमाळला ट्रिप गेली की यशवंत तलावाच्या काठावर दहा जण हात लांब करून, स्वतःकडे फोन धरून बोलत सुटतात. त्यात वाईट काही नाही. पण "भाऊ, कॅमेरा कोणता घेऊ?" हा प्रश्न विचारताना "कशासाठी?" हे कोणीच सांगत नाही.

माझ्या रूम पार्टनरने मात्र ते आधीच सांगितलं. तो धडगावकडचा. त्याची आजी होळीची जुनी पावरी गाणी म्हणते. ती अजून कोणी लिहून घेतलेली नाहीत, आणि आजीचा आवाज दरवर्षी थोडा बसतो आहे. याला आजीची गाणी रेकॉर्ड करायची होती, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी शूट करायची होती, आणि मधे मधे स्वतः कॅमेऱ्यासमोर पावरीत आणि मराठीत बोलायचं होतं. आम्ही चौघांनी मिळून ४० हजार जमवले. त्यात त्याची स्कॉलरशिप होती, म्हणजे चुकीची वस्तू आली तर दुसऱ्यांदा घेणं नाही. म्हणून सबमिशनपेक्षा जास्त अभ्यास या विषयाचा झाला. तो इथे मांडतो.

सुरुवात लेन्सपासून नाही, आवाजापासून करा. लोक मेगापिक्सेल मोजत बसतात, पण चित्र थोडं खराब असलं तरी व्हिडिओ बघितला जातो, शब्द कळले नाहीत तर दुसऱ्या मिनिटाला बंद होतो. पहिल्या वर्षाचं फिजिक्स आठवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. हातभर लांब, म्हणजे ६० सेंमीवर धरलेल्या कॅमेऱ्याचा माइक आणि तोंडापासून २० सेंमीवर लावलेला कॉलर माइक यांत जवळजवळ साडेनऊ डेसिबलचा फरक पडतो. मागे ढोल चालू असेल तर हा फरक म्हणजे सगळं काही. म्हणून आमची पहिली अट ठरली, कॅमेऱ्याला ३.५ मिमीचं माइकचं छिद्र हवंच. आणि एक बारीक गोष्ट. फोनसाठी मिळणाऱ्या बऱ्याच कॉलर माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. पिन सारखीच दिसते, आतही जाते, पण आवाज येईलच असं नाही. दुकानात लावून, ऐकून मगच घ्या.

ढोलाचं आणखी एक. कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप सांभाळत असेल तर ढोलाचा ठोका पडला की तो आवाज खाली ओढतो आणि पुढचे दोन शब्द गिळले जातात. पातळी हाताने लावता येते का ते बघा. सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी ती ठेवली की निर्धास्त.

आता उजेड. काठीला रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. म्हणजे शूटिंग जवळजवळ सगळं अंधारात! इथे सेन्सरचा आकार कामाला येतो. जाहिरातीतला 'एक इंची सेन्सर' कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. तो १३.२ बाय ८.८ मिमी असतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलं आहे. तरी साध्या स्वस्त कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिमी असतो. गुणाकार करा, क्षेत्रफळ चौपट निघतं. लेन्सचंही तसंच. एफ १.८ ची लेन्स एफ २.८ पेक्षा जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. दिवसा उन्हात नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी शूट करायच्या असतील तर यातलं काहीही लागत नाही, हातातला फोन पुरतो. हे दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

हलणाऱ्या चित्राबद्दल तर मला खास सांगायचं आहे, कारण यात बरेच जण फसतात. कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन म्हणजे काय? चित्राच्या कडा कापायच्या आणि उरलेला तुकडा धक्क्याच्या उलट दिशेला सरकवायचा. यात दोन भानगडी आहेत. पहिली, चौकट लहान होते. ३५ मिमी फिल्मच्या हिशोबात २४ मिमीची लेन्स ६० सेंमीवर ९० सेंमी रुंदीचा भाग पकडते. त्यातला पाचवा हिस्सा कापला तर उरले ७२ सेंमी. म्हणजे तुमचं तोंड, खांदे, आणि मागची होळी गायब! २० मिमीची लेन्स तिथेच १०८ सेंमी पकडते, कापूनही ८६ उरतात. दुसरी भानगड अंधारातली. अंधारात शटर १/५० सेकंद उघडं राहतं, तेवढ्यात हात हलला तर त्या एका चित्रातच पुसटपणा येतो. चित्र सरकवून तो पुसटपणा जात नाही. गिम्बलवाल्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर हे दोन्ही मोटरवर तोलून धरलेले असतात, म्हणून अंधारात तो जिंकतो. २०२३ साली आलेला डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ तसा आहे, एक इंची सेन्सर आणि वजन १७९ ग्रॅम. पण त्याला ऑप्टिकल झूम नाही, आणि आमच्या ४० हजारांत तो बसतही नव्हता.

राहिले दोन. सोनीचा २०२० चा झेडव्ही-१ आणि २०२२ चा झेडव्ही-१एफ. दोघांचा सेन्सर एक इंची, दोघांना माइकचं छिद्र, दोघांचा स्क्रीन बाजूला उघडून स्वतःकडे फिरतो. एफवाल्याची लेन्स २० मिमीची, रुंद, स्वतःला शूट करायला सोयीची. पण ती एकच, ऑप्टिकल झूम नाही. शिवाय त्याचा फोकस फक्त कॉन्ट्रास्ट बघून चालतो, म्हणजे लेन्स मागेपुढे करून नीट कुठे दिसतं ते शोधत बसतो. ज्वाळांच्या लपलपत्या उजेडात असा शोध चालू राहिला तर चेहरा मधेच पुसट होणार. झेडव्ही-१ चा फोकस फेज डिटेक्शनवर चालतो. कोणत्या दिशेला आणि किती सरकायचं हे त्याला आधीच कळतं. लेन्स २४ ते ७० मिमी. आजीसमोर कॅमेरा नाकापाशी धरला तर ती गाणार नाही, लाजेल. चार हात लांब बसून झूम केलं तर विसरून जाते. आम्ही झेडव्ही-१ घेतला, वापरलेला, आणि हाताला लांबी मिळावी म्हणून लहान ट्रायपॉड. तीन महिन्यांनंतरही मला तोच निर्णय बरोबर वाटतो. एकट्याने फिरून फक्त स्वतःशीच बोलायचं असेल त्याने मात्र २० मिमीचा घ्यावा.

वापरलेला घेताना पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके बघा. बाहेर येणाऱ्या झूम लेन्समधून धूळ आत जाते आणि ती साफ करणं सोपं नसतं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात अर्धा तास उभं राहिलं की धूळ म्हणजे काय ते कळतं. तिथे कॅमेरा उघडा फिरवू नये.

सेटिंगमधली एक गोष्ट आपल्या विद्युत विभागाच्या मुलांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी लिहितो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा एनटीएससीवर, ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असला तर हॉस्टेलच्या व्हरांड्यात चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा पालवर, २५ फ्रेम आणि १/५० वर आणा, पट्टे जातात.

बॅटरी हे या छोट्या कॅमेऱ्यांचं दुखणं. झेडव्ही-१ ची बॅटरी साडेचार वॉट-अवरची, चालू-बंद करत पाऊण तास जेमतेम. पण तो यूएसबीवरून चालू राहतो, आणि १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-अवर असतात. गळती धरली तरी पाच-सहा वेळा भरेल. कार्डाचा हिशोबही आधी करा. फोर के १०० मेगाबिटने घेतलं तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. आम्ही काठीला फुल एचडी ५० मेगाबिटवर ठेवलं. निम्म्यात काम.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणला तेव्हा लगेच 'राजा हरिश्चंद्र' नाही सुरू केला, आधी कुंडीतल्या रोपाची वाढ टिपून बघितली. आम्ही मेसच्या मागे शेकोटी पेटवून तीन रात्री सराव केला (रेक्टर सरांची परवानगी घेऊन!). त्यात कळलं की आपोआप एक्स्पोजरवर ज्वाळा पांढऱ्याफटक होतात. चेहऱ्यावर एक्स्पोजर लॉक करून एक स्टॉप खाली आणला की दोन्ही वाचतात.

काठीत शूटिंगच्या आधी मित्राने गावातल्या मोठ्या माणसांना विचारलं. नवस घेतलेले लोक त्या दिवसांत काही नियम पाळतात, त्यांच्या तोंडापुढे कॅमेरा नेऊ नका, इतकंच त्यांनी सांगितलं. आम्ही बाजूने, झूम करून घेतलं.

आजीची ११ गाणी झाली. एक प्रत माझ्या हार्ड डिस्कवर आहे, एक मित्राच्या लॅपटॉपवर, आणि एक पेन ड्राइव्हवर त्याच्या घरी, कारण तिथे रेंज धड येत नाही. बारावं गाणं आजी पावसाळ्यात म्हणणार आहे. ते होळीचं नाही, पेरणीचं आहे, आणि ते घरात बसून म्हणायचं नसतं म्हणे. म्हणजे आता माइकला पावसापासून कसं झाकायचं ते बघायचं आहे. कोणाला युक्ती माहीत असेल तर जेवणाच्या वेळी आमच्या टेबलावर या.