चालणे आणि स्मरणशक्ती

घरातील वडीलधारी माणसे सत्तरीला आली म्हणजे मुले-सुना मोठ्या आदराने त्यांच्या हातचे एकेक काम काढून घेऊ लागतात. भाजी आणणे थांबते, नातवाला शाळेत पोचविणे थांबते. ‘तुम्ही बसा, आम्ही पाहतो,’ हे शब्द प्रेमाचेच असतात. परंतु या बसून राहण्याची किंमत गुडघ्यांप्रमाणे मेंदूलाही मोजावी लागते.

मेंदूचे वजन देहाच्या सुमारे दोन टक्के. तथापि विश्रांतीच्या वेळीही शरीर जो प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. इतक्या खर्चिक अवयवाचा निर्वाह रक्तपुरवठ्यावर चालतो. व्यायामाने रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहिले, तर मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आपोआपच रक्षण होते.

याहून विशेष गोष्ट अशी की, कानशिलांच्या आतल्या बाजूस, दोन्हीकडे एकेक, ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा लहानसा भाग असतो. किल्ली कोठे ठेवली, सकाळी कोण येऊन गेले, अशा नव्या आठवणी जुळविण्याचे काम त्याचे. म्हणूनच तो क्षीण झालेल्या माणसाला बालपणीचे प्रसंग बारकाव्यांसह सांगता येतात, आणि आज दुपारी आपण जेवलो की नाही याचा मात्र त्याला विसर पडतो. ज्यांच्या घरी हे घडले आहे, त्यांना अधिक सांगणे नको. उतारवयात निरोगी माणसाचाही हा भाग दरवर्षी एक-दोन टक्क्यांनी आकसत जातो.

ही झीज अटळच समजावी काय? अमेरिकेतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मननीय आहे. ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० स्त्री-पुरुषांचे त्यांनी दोन गट पाडले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवीत ४० मिनिटांपर्यंत भरभर चालावे. दुसऱ्याने अंग ताणण्याचे सौम्य व्यायाम करावेत, असे ठरले. वर्षअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला होता. चेतापेशींना जणू खताप्रमाणे उपयोगी पडणारे ‘बीडीएनएफ’ नावाचे एक प्रथिन आहे. चालणाऱ्यांपैकी ज्यांच्या रक्तात ते अधिक वाढले, त्यांच्यात ही वाढही अधिक होती.

दुसरा गट काही आळशी नव्हता, हे ध्यानात घ्यावे. फरक होता तो हृदयाचा वेग वाढण्याचा. देवळात सावकाश घातलेल्या प्रदक्षिणांचे पुण्य निराळे. त्यांनी श्वास जलद होत नसेल, तर त्यांची गणना या व्यायामात करता येणार नाही!

मात्र अतिशयोक्तीही नको. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश आधीच जडलेल्या ४९४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. जोरकस व्यायामाने त्यांची शारीरिक क्षमता सुधारली, पण बुद्धीचा ऱ्हास मंदावला नाही. तात्पर्य, व्यायाम हे या रोगावरचे औषध नव्हे, आणि चालणाऱ्याला तो होणारच नाही अशी हमीही कोणी देऊ शकत नाही. नियमित हालचालीने धोका कमी होतो, इतकेच म्हणता येते. पण तेही थोडे नाही, आणि त्यासाठी आरंभ पन्नाशीतच, किंबहुना त्याही आधी, झालेला बरा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. मध्यम म्हणजे किती? चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणू गेल्यास दम लागावा, इतका. हे सारे एका दमात करावयास हवे असेही नाही. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे चालले तरी चालते. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस असावा. भक्कम खुर्चीची पाठ धरून एका पायावर क्षणभर उभे राहण्यापासून आरंभ करावा. हृदयविकार असलेल्यांनी प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि पहिले काही दिवस घरातील कोणी तरी सोबत जावे.