वायफाय अडखळतेय? खिशात हात घालण्याआधी हे तपासा

घरचे वायफाय सारखे तुटू लागले की बरेच जण थेट मोठा प्लॅन घेतात. दोष वायफायमध्ये असेल तर तो खर्च वाया जातो. म्हणून आधी दोष बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे की घरात, ते पक्के करा. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही.

फुकटची तपासणी

फायबर कनेक्शन असेल तर मोडेमवरचा एलओएस दिवा बघा. तो लाल असेल तर फायबरमधून प्रकाश पोचत नाही. कपाट सरकवताना मागची बारीक वायर दुमडली गेली आहे का, ते पाहा. आत काचेचा तंतू असतो, त्यामुळे तिला घडी पडू देऊ नका. वायर ठीक दिसूनही दिवा लालच राहिला, तर दुरुस्ती कंपनीने करायची.

दिवा ठीक असेल तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून स्पीड मोजा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. केबलवरही स्पीड पडत असेल तर तक्रार नोंदवा. केबलवर पूर्ण स्पीड आणि बेडरूममध्ये रखडपट्टी असेल, तर दोष वायफायचा.

मग राउटर टीव्हीच्या किंवा लोखंडी कपाटाच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवा. जवळ बसून काम करताना 5 गिगाहर्ट्झ वापरा, भिंतींपलीकडे 2.4 जास्त पोचते. शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असेल तर 2.4 साठी 1, 6 किंवा 11 यांपैकी मोकळा चॅनेल निवडा.

खर्च करायचाच झाला तर (साधारण भाव)

• अडॅप्टर, 200 ते 400 रुपये: राउटर आपोआप बंद-चालू होत असेल तर. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर कमी नकोत.
• राउटरचा छोटा यूपीएस, 1,000 ते 2,000 रुपये: वीज वारंवार जात असेल तर.
• कॅट 6 केबल, मीटरला 20 ते 40 रुपये, फिटिंग वेगळे: टीव्ही किंवा कामाच्या टेबलासाठी सर्वांत भरवशाचा उपाय.
• ड्युअल बँड राउटर, 1,500 ते 3,000 रुपये: जुना फक्त 2.4 चा असेल तर.
• दोन नगांचा मेश संच, 5,000 ते 10,000 रुपये: मोठ्या किंवा दुमजली घरासाठी. वन बीएचकेला सहसा गरज नसते.

स्वस्त रिपीटरने रेंज वाढते, पण स्पीड बहुधा निम्म्यावर येतो.

दोष लाइनचा असेल तर

कंपनीच्या कस्टमर केअरकडे तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. प्रत्येक ठिकाणी तक्रारीचा डॉकेट नंबर विचारतात, तेव्हा तो लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.